चुकून सुटलेल्या अस्त्राचा जाब

घाटकोपरला लागून असलेल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात, 'ब्रह्मोस' क्षेपणास्त्राचे सांगाडे वीसेक वर्षे घडत आले आहेत. ध्वनीच्या सुमारे २.८ पट वेग सोसणारा सांगाडा घडविणे हे कामगाराच्या कसबाचे काम आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अस्त्र हाती धरणाऱ्यांविषयी.

९ मार्च २०२२ रोजी असे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ कोसळले. सरकारने तोंड उघडले ते दोन दिवसांनी. ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. प्रकरण समाप्त! त्यात स्फोटके नव्हती, हे दोन्ही देशांचे नशीब. सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर धावणारे हे अस्त्र तीनशे किलोमीटर पाच-सहा मिनिटांत ओलांडते. आत अणुबॉम्ब आहे की काहीच नाही, हे पलीकडच्या अधिकाऱ्याने तेवढ्यात ओळखावे तरी कसे?

२००५ च्या भारत-पाक करारान्वये चाचणीची पूर्वसूचना द्यावयाची ती केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांची, क्रूझ मोकळी. त्यांनाही करारात आणा, अपघाताची खबर तत्काळ देण्याचे बंधन घाला, चौकशीचा अहवाल संसदेपुढे ठेवा, एवढेच आमचे मागणे. मे २०२५ च्या संघर्षानंतरच्या जयघोषात असे बोलणाराच देशद्रोही ठरतो. फिलिपाइन्सला अस्त्रे विकणाऱ्यांची देशभक्ती मात्र निःशंक!

घाटकोपर-विक्रोळीच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न पाळी सुटताना कारखान्याच्या दरवाजावर मांडावा. महागाईच्या सभेपेक्षा गर्दी कमी जमेल, हे ठाऊक आहे, तरीही मांडावा.