आवाज कमी, मेडन फुल्ल

कबूल करून टाकते. ‘पॉवरस्लेव्ह’ मी पहिल्यांदा ऐकला तो भिंतीपलीकडून. मे महिन्याची सुट्टी, डोंबिवलीला मावशीचं वन बीएचके आणि आतल्या खोलीचं दार लावून बसलेला माझा मावसभाऊ. दादा. दारावर पोस्टर : इजिप्तचं भलंमोठं देऊळ आणि त्याच्या मधोमध फॅरोच्या थाटात बसलेला एक भयानक चेहरा. दाराच्या अलीकडे आम्ही सगळे आमरस-पुरी खातोय आणि पलीकडून नुसतं धडधड-धडधड. मावशी म्हणायची, ‘कोसळली बघ परत मांडणी!’

तर मंडळी, त्या भयानक चेहऱ्याचं नाव एडी. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा तो मॅस्कॉट. आणि ‘पॉवरस्लेव्ह’ हा त्यांचा पाचवा अल्बम, ३ सप्टेंबर १९८४ला आलेला. आठ गाणी, साधारण एक्कावन्न मिनिटं. रेकॉर्डिंग कुठे, तर बहामाजमधल्या नसाऊला, कंपास पॉइंट स्टुडिओत. प्रोड्यूसर मार्टिन बर्च. निळाशार समुद्र, पांढरी वाळू, आणि तिथे बसून या पाच जणांनी काय रेकॉर्ड करावं? लढाऊ विमानं, अणुयुद्ध, तलवारी, मरायला टेकलेला फॅरो आणि एक शापित जहाज. इंग्लंडच्या चार्टवर अल्बम दोन नंबरपर्यंत गेला. दादाच्या मते हा ब्रिटिशांनी केलेला सगळ्यात मोठा अन्याय आहे. भारतावरचे धरून.

दादाची कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधली. (ते दुकान २०१६मध्ये बंद झालं, त्या दिवशी तो माझ्याशी फोनवर धड बोललाही नव्हता.) त्या कॅसेटचं कव्हर तो मला भिंग देऊन दाखवायचा. डेरेक रिग्ज या चित्रकारानं त्या देवळाच्या भिंतींवर काय काय लपवलंय म्हणून सांगू! एका कोपऱ्यात मिकी माऊस, दुसरीकडे इंडियाना जोन्स इथे येऊन गेल्याची नोंद. एवढं गंभीर, मृत्यूबित्यूचं चित्र आणि त्यात पोरकटपणा. मेडन मला आवडायला लागलं ते इथून. गाणी नंतर.

आणि मग २००८. १ फेब्रुवारीला मेडन मुंबईत, बीकेसीच्या मैदानावर. नुसती कॉन्सर्ट नाही हं, त्यांच्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या अख्ख्या वर्ल्ड टूरची सुरुवात. स्टेजवर इजिप्तचं देऊळ, म्हणजे ‘पॉवरस्लेव्ह’चंच. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः कमर्शियल पायलट. टूरचं बोइंग ७५७ तोच चालवायचा. विचार करा, संध्याकाळी गाणार आहे तोच माणूस सगळ्या बँडला विमानात घालून आणतोय. ‘फ्लाइट ६६६’ नावाची डॉक्युमेंटरी निघाली २००९मध्ये, त्या टूरवरच. तिच्या कॉन्सर्ट डीव्हीडीत प्रत्येक गाणं वेगवेगळ्या शहरातलं आहे आणि सुरुवातीचं ‘एसेस हाय’ मुंबईचं. म्हणजे जगभरातले मेडनवाले डीव्हीडी लावतात तेव्हा पहिली गर्दी दिसते ती आपली. 

त्या गर्दीत दादा होता. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, काळा टी-शर्ट, खिशात परतीचं लोकलचं तिकीट. मी पाचवीत. मला न्यायचा प्रश्नच नव्हता. मी भोकाड पसरलं तेव्हा त्यानं प्रॉमिस केलं, ‘नेक्स्ट टाइम तुला घेऊन जाणार.’ दुसऱ्या दिवशी घसा बसलेला, आवाजच फुटेना. हातवारे करून त्यानं मला अख्खी कॉन्सर्ट सांगितली.

आता मी अठ्ठावीस आणि दादा चाळिशीला टेकलाय. नेक्स्ट टाइम काही आलेला नाही.

कॉलेजात असताना कुठल्या कुठल्या गिगला जाऊन आला, की दादा अभिमानानं सांगायचा, ‘कानात शिट्टी वाजतेय यार, दोन दिवस राहणार.’ दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती शिट्टी वाजायला लागली आणि थांबलीच नाही. टिनिटस. डॉक्टरांनी हिशोब मांडला : लोकलच्या खडखडाटावर मात करायला इअरफोन फुल्ल, रोज जाऊन-येऊन तीन तास, पंधरा वर्षं. वर रात्रीच्या कॉल्सचा हेडसेट. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे, ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास चालतील, पण ९०ला चारच तास. (आत्ता तुमच्या कानात इअरफोन असतील तर दोन घरं खाली आणा. आणलेत? थँक यू.)

दादानं घरी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त गाणी ऐकणं बंद केलं. पोस्टर काढून टाकलं. मी विचारलं तर म्हणाला, ‘अगं, मेटल हळू आवाजात ऐकायचं म्हणजे मिसळ बिनतिखटाची. त्यापेक्षा नको.’

मला हे पटेना. म्हणजे मावशी इतकी वर्षं म्हणत होती तेच खरं की काय? की हा नुसता आवाज आहे, आवाज काढून घेतला की खाली काहीच उरत नाही? गेल्या महिन्यात एका रविवारी मी छोटा ब्लूटूथ स्पीकर घेऊन डोंबिवलीला गेले. दुपारी जेवणं झाल्यावर. म्हटलं, ‘दादा, फक्त एक्कावन्न मिनिटं. माणूस बोलतो तेवढ्याच आवाजात. नाही आवडलं तर परत नाव काढणार नाही.’

‘एसेस हाय’ सुरू झालं. १९४०ची ब्रिटनची हवाई लढाई, आरएएफचा पायलट, खाली इंग्लिश खाडी. फुल्ल व्हॉल्यूमला हे गाणं अंगावर येतं. हळू आवाजात मात्र पहिल्यांदाच मला स्टीव्ह हॅरिसचा बेस नीट ऐकू आला. हा माणूस पिक वापरत नाही, बोटांनी वाजवतो. तारांवर बोटं आपटल्याची टकटक, मागे घोडा भरधाव सोडल्यासारखी लय. आणि त्याला बरोब्बर चिकटून निको मॅकब्रेनचा ड्रम, एका पायाच्या एका पेडलवर! लोक डबल पेडल घेऊन जे करत नाहीत ते. दादा जमिनीवर बसला होता. त्याचा उजवा पाय हलायला लागला. मी पाहिलं, पण बोलले नाही.

‘टू मिनिट्स टू मिडनाइट’ म्हणजे अणुशास्त्रज्ञांचं ते डूम्सडे क्लॉक. अमेरिका आणि रशियानं हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या केल्यावर १९५३मध्ये ते बाराला दोन मिनिटांवर आणलं होतं. अल्बम आला तेव्हा ते तीन मिनिटांवर होतं. जानेवारी २०२५मध्ये ते ८९ सेकंदांवर आलं. म्हणजे मेडनचं सगळ्यात निराश गाणं आता जरा आशावादीच म्हणायचं!

यानंतरचा भाग आला की मेडनवाल्यांत भांडण ठरलेलं. ‘लॉस्फर वर्ड्स’ हा बिनशब्दांचा तुकडा, मग तलवारीवरची सलग दोन गाणी (डिकिन्सन तलवारबाजीही करतो, पठ्ठ्याचं कशातच भागत नाही), मग ‘बॅक इन द व्हिलेज’. अर्ध्या जनतेचं म्हणणं, इथे अल्बम बसतो. उरलेल्या अर्ध्या जनतेचं म्हणणं, तुम्हाला कान नाहीत. माझं मत विचाराल तर ‘द ड्युएलिस्ट्स’ लांबलंय. सहा मिनिटांत दोन मिनिटं सहज कापता आली असती. पण मधली ती गिटारची जुगलबंदी? डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ. एक गोड, वाहता, दुसरा मोजून-मापून. मोठ्या आवाजात दोघं एक होतात. हळू आवाजात कोण कुठे वळला ते कळतं. 

‘इथे मरे,’ दादा म्हणाला. जरा वेळानं, ‘आता स्मिथ.’ दोन वर्षांनी त्यानं मेडनबद्दल काढलेले हे पहिले शब्द.

एक सांगायचं राहिलं. मी मास कॉम करत असताना मेडनचा टी-शर्ट घालून कँटीनमध्ये गेले, की हमखास कोणीतरी दाढीवाला परीक्षा घ्यायचा. ‘तीन गाणी सांग बघू.’ टी-शर्ट घातलेल्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी तीन गाणी मुद्दाम या बसलेल्या मधल्या भागातली सांगायचे. समोरचा गप्प. कारण त्याला फक्त पहिली दोन यायची. 

टायटल साँग डिकिन्सनचं. फॅरो मरतोय आणि त्याला कळत नाहीये की मी देव, तर मला मरण कसं? सत्तेचा धनी म्हणून जगला, निघाला सत्तेचा गुलाम. हे लिहिणारा बँड त्या वेळी स्वतः शिखरावर होता, आणि याच नावाखाली त्यांनी काय केलं पाहा. अल्बम बाजारात येण्याच्या आधीच, ९ ऑगस्ट १९८४ला, पोलंडमध्ये वॉर्साला टूर सुरू केली. त्या काळात, पोलादी पडद्याच्या आड, एवढा मोठा सेट घेऊन! मग जुलै १९८५पर्यंत थांबलेच नाहीत. जवळपास अकरा महिने. टूरचं नाव ‘वर्ल्ड स्लेव्हरी’. संपली तेव्हा सगळे पिळून निघाले होते. पुढच्या अल्बमसाठी डिकिन्सन म्हणे शांत, अकूस्टिक काहीतरी करू या. बाकीच्यांनी ते बाजूला ठेवलं, आणि १९८६च्या त्या अल्बमवर त्याचं एकही गाणं नाही. माझे आयटीतले मित्रमैत्रिणी अप्रेझलच्या सीझनमध्ये जे चेहरे घेऊन फिरतात ना, तेच. फक्त यांच्याकडे पिरॅमिड होता.

आणि शरीर हिशोब ठेवतंच. २०२३च्या जानेवारीत निकोला स्ट्रोक आला. एक बाजू लुळी पडली होती. काही महिन्यांत तो परत ड्रम्सवर बसला, जे वेगात जमत नव्हतं ते सोडून दिलं, उरलेलं वाजवलं. डिसेंबर २०२४मध्ये साओ पावलोला शेवटचा शो करून त्यानं टूरिंग थांबवलं. हे मी दादाला तिथेच सांगितलं, कारण त्यानं बातम्याही बंद केल्या होत्या. तो म्हणाला, ‘काय काय सोडलं त्यानं? कुठल्या गाण्यातलं?’ मी म्हटलं, ‘ऐकून तूच सांग ना.’

तेवढ्यात ‘राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर’ लागलं.

साडेतेरा मिनिटांचं गाणं. कोलरिजची १७९८ची कविता, हॅरिसनं मेटलमध्ये बसवलेली. २०१५पर्यंत मेडनचं याहून लांब गाणं नव्हतं. आणि याच्या बरोब्बर मध्ये काय आहे माहितीये? शांतता. गिटार थांबतात, ड्रम थांबतो. उरतो तो संथ बेस, दोरखंड आणि लाकूड करकरल्याचा आवाज, आणि कवितेतल्या ओळी म्हणणारा एक खर्जातला माणूस. वारा पडलाय, जहाज जागच्या जागी. कित्येक वर्षं मी हा भाग इअरफोनचा आवाज वाढवून ऐकत आले. त्या दुपारी वरचा पंखा, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि मध्ये ते जहाज. वाढवायची गरजच पडली नाही. दादाला मी हळूच विचारलं, ‘शिट्टी?’ तो म्हणाला, ‘आहे. पण याच्या मागे आहे.’

आतल्या खोलीतून मावशी उठून आली. ‘काय रे, बंद पडलं का?’

‘नाही गं आई. चालू आहे.’

‘मग हे करकर काय वाजतंय? आणि बोलतोय कोण?’

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग सांगायला लागला. एक खलाशी असतो, आई. तो काही कारण नसताना एक पांढरा पक्षी मारतो. शुभ पक्षी. मग वारा पडतो, पाणी संपतं, सगळीकडे समुद्र आणि प्यायला थेंब नाही. बाकीचे तो मेलेला पक्षी त्याच्या गळ्यात अडकवतात. 

मावशी खुर्ची ओढून बसली. ‘बरोबरच आहे. मुक्या जिवाचं पाप. मग?’

‘मग ते सगळे मरतात. एकेक करून. हा एकटाच उरतो.’

‘अगंबाई! आणि सुटतो कसा?’

‘पाण्यात साप दिसतात त्याला, चमकणारे. त्यांना बघून तो मनातून आशीर्वाद देतो आणि गळ्यातला पक्षी आपोआप गळून पडतो. पण शिक्षा सुटत नाही. जन्मभर गावोगाव फिरून ही गोष्ट सांगत राहायची.’

‘इतकी वर्षं तू दार लावून हे ऐकत होतास?’ मावशी म्हणाली. ‘मला वाटायचं नुसतं भांडण चाललंय.’

स्पीकरवर गिटार परत उठायला लागल्या होत्या, लांबून वारा सुटल्यासारख्या. मावशीनं कानामागे हात धरला. ‘जरा मोठं कर की रे, मला नीट येत नाहीये ऐकू.’

दादा उठला. आवाज नाही वाढवला त्यानं. स्पीकर उचलला आणि तिच्या खुर्चीच्या हातावर नेऊन ठेवला.