घरगुती उपायांची मात्रा कोण सांगणार?

चिकित्सालयातून बाहेर पडता पडता रुग्ण जो प्रश्न हमखास विचारतो तो असा : "जोडीला घरगुती काही घेतले तर चालेल ना?" या प्रश्नाला आपल्या व्यवसायात सर्रास दिले जाणारे उत्तर म्हणजे, "घ्या, त्याने अपाय काही होत नाही." हे उत्तर देताना वैद्याला आपण काही वावगे बोललो असे वाटत नाही आणि ऐकताना रुग्णाला समाधान वाटते. मात्र हे उत्तर शास्त्राला धरून नाही, आणि त्याची किंमत आता रुग्णांइतकीच आपल्या शास्त्रालाही मोजावी लागत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वैद्यबंधु-भगिनींनी आणि औषधालयाच्या चालकांनी या मताचा विचार करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

अलीकडचेच उदाहरण घेऊ. मार्च २०२० च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी स्वयं-काळजीचे उपाय प्रसिद्ध केले. त्यात तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा, १५० मि.लि. गरम दुधात अर्धा चमचा हळद आणि सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश असे सांगितलेले होते. म्हणजे मात्रा सांगितलेली होती, काल सांगितलेला होता. मधुमेही रुग्णांनी च्यवनप्राश बिनसाखरेचा घ्यावा, हेही सांगितलेले होते. परंतु घरोघर पोहोचताना औषधांची नावे तेवढी पोहोचली, मात्रा वाटेतच गळून पडली. मनुका गेल्या, मिरे वाढले. ऐन वैशाखात, पित्तप्रकृतीच्या माणसांनीही, दिवसातून चार-पाच वेळा काढा घेतला. त्यानंतर मुखपाक, अम्लपित्त, मूत्रदाह आणि रक्तार्श यांच्या तक्रारी घेऊन आलेले रुग्ण आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्या द्रव्यांत काही दोष नव्हता. देश, काल, प्रकृती आणि राशी यांचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

दिनचर्येलाही अपवाद आहेत

आज दिनचर्या हा शब्द फार लोकप्रिय झाला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, व्याख्यानमालांत, आरोग्य शिबिरांत 'हे करा' अशा याद्या वाचावयास मिळतात. परंतु अष्टांगहृदयातील दिनचर्याध्याय काढून पाहावा. प्रत्येक उपक्रमाच्या पाठोपाठ तेथे त्याचा निषेध सांगितला आहे. अभ्यंग नित्य करावा, पण कफग्रस्त, शोधन झालेल्या आणि अजीर्णी व्यक्तीने करू नये. व्यायाम करावा, पण बलाच्या अर्ध्या शक्तीनेच, तोही शीतकाळी व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. दंतधावनासारखी साधी गोष्टही अजीर्ण, छर्दी, श्वास, कास, ज्वर अशा अवस्थांत वर्ज्य सांगितली आहे. ज्या शास्त्राने दात घासण्यालाही अपवाद सांगितले, त्या शास्त्राच्या नावावर आपण सर्वांसाठी एकच यादी कशी देऊ शकतो?

सकाळी उठल्याबरोबर लिटरभर पाणी पिण्याची सवय हे याचे आणखी एक उदाहरण. उषःपानाचा उल्लेख उत्तरकालीन ग्रंथांत आहे, हे मान्य. परंतु शरद व ग्रीष्म वगळता निरोगी माणसानेही पाणी बेताने प्यावे, असा वाग्भटांचा स्पष्ट अभिप्राय आहे. मंदाग्नी, प्रतिश्याय वा शोथ असलेल्या रुग्णाने केवळ कोठेतरी वाचले म्हणून तांब्याभर पाणी रिचवावे आणि दिवसभर अन्नावर वासना नाही म्हणून पाचक चूर्ण घ्यावे, हा प्रकार नित्याचा झाला आहे. वजन घटविण्यासाठी पाण्यात मध घेणाऱ्यांचेही तसेच. संहितांनी मध उष्ण करण्याचा वा उष्ण पदार्थाबरोबर घेण्याचा निषेध केला असताना तो कढत पाण्यात कालवून घेण्याची प्रथा रूढ झाली आणि तिच्यावर आयुर्वेदाचे नाव पडले.

या संदर्भात चरकांच्या विमानस्थानाचा पहिला अध्याय पुनःपुन्हा वाचण्याजोगा आहे. पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात वापरू नयेत, असे तेथे निक्षून सांगितले आहे. ही तिन्ही द्रव्ये विषारी नाहीत, तिन्ही उपयोगी आहेत, आणि तिन्ही घरात सहज सापडणारी आहेत. नेमकी म्हणूनच ती निवडली असावीत. जे सहज मिळते आणि प्रारंभी गुण देते, त्याचाच अतियोग होतो. आज आम्लपित्तावर रोज खाण्याचा सोडा घेणारा रुग्ण म्हणजे क्षाराच्या अतियोगाचे चालतेबोलते उदाहरण होय.

औषधालयाच्या काउंटरवर

येथपर्यंतचा मुद्दा वैद्यांसाठी झाला. परंतु घरगुती उपाय आज घरात तयार होत नाहीत. ते डबीत, बाटलीत, पाकिटात विकत मिळतात. त्यामुळे औषधालयाच्या चालकांची जबाबदारी वैद्याइतकीच आहे. चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण सोनामुखीचे. मलावष्टंभावरील अनेक चूर्णांचा मुख्य घटक सोनामुखी असतो. रोज रात्री चमचाभर चूर्ण, तेही वर्षानुवर्षे घेणारे ग्राहक प्रत्येक दुकानाला ठाऊक आहेत. अशाने आतड्याची स्वाभाविक प्रवृत्ती मंदावते, मात्रा वाढवावी लागते, आणि वृद्धांत पोटॅशियम घटून दौर्बल्य येते.

दुसरे ज्येष्ठमधाचे. घसा व आम्लपित्त यांसाठी ते उत्तम औषध. पण दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यास, विशेषतः मूत्रल औषध घेणाऱ्यास, हे सांगितलेच पाहिजे.

तिसरे लवणभास्कराचे. ताकाबरोबर रोज घेण्याचे निरुपद्रवी पाचक अशी त्याची ख्याती आहे. परंतु नावाप्रमाणेच त्यात अनेक लवणे आहेत. प्रौढाने दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड आणि फरसाण यांतून ही मर्यादा आधीच ओलांडलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाला आपण त्यात भर घालून देतो.

चौथे, आणि सध्या सर्वांत गंभीर, हळद व गुळवेल यांचे. भाजीतील चिमूटभर हळद वेगळी आणि मिऱ्याच्या सत्त्वासह शोषण वाढवून केलेली कर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. अशा उत्पादनांमुळे यकृतास इजा होऊ शकते, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या औषधनियामक संस्थेने २०२३ मध्ये दिला. गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचा आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. पण तो खरा मानला तर आपली जबाबदारी वाढते. बाजारात येणारी ओली गुळवेल कोण आणतो, तिच्या खोडावर क्रिस्पाप्रमाणे ठळक गाठी आहेत काय, हे पाहण्याचे काम मग आपल्यावाचून दुसरे कोण करणार?

एक आक्षेप

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की असे जाहीरपणे लिहिल्याने आयुर्वेदाच्या टीकाकारांच्या हाती कोलीत मिळते, लोक घाबरतात आणि दुकानदाराच्या व्यवसायावर परिणाम होतो. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु 'साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य आपल्या शास्त्राचे नसून जाहिरातीचे आहे. अयोग्य रीतीने योजलेले उत्तम औषधही विषासमान ठरते आणि युक्तीने योजलेले तीक्ष्ण विषही औषध होते, हा चरकांचा सिद्धान्त आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. जे द्रव्य कार्य करते, ते अकार्यही करू शकते. अपाय होऊच शकत नाही असे म्हणणे म्हणजे द्रव्याला वीर्यच नाही असे म्हणण्यासारखे आहे. हे आपणच स्पष्टपणे सांगितले नाही, तर ते दुसरे कोणी, आपल्याविरुद्ध, अर्धवट सांगेल.

कायद्यावरही फार विसंबून चालणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत अनुसूची ई (१) मधील वत्सनाभ, भल्लातक, कुपीलू यांसारख्या द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. सोनामुखी, ज्येष्ठमध, हळद वा गुळवेल त्या सूचीत नाहीत, आणि आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र परवानाही लागत नाही. तेथे उरतो तो केवळ आपला विवेक.

काय करता येईल?

वैद्यांनी घरगुती उपाय तोंडी सांगण्याचे बंद करून तो चिठ्ठीवर लिहावा, असे सुचवावेसे वाटते. द्रव्य, मात्रा, काल, अनुपान आणि विशेषतः 'किती दिवस' हे लिहावे. त्याच चिठ्ठीवर सवयींपैकी एकच, त्या रुग्णास सर्वाधिक बाधणारी, निवडून तिच्याबद्दल लिहावे : रात्री साडेदहाचे जेवण आठला, किंवा दुपारची झोप बंद. दहा नियमांची छापील यादी कोणी पाळत नाही. सवय मोडतानाही नवेगान्धारणीय अध्यायातील पादांशिक क्रम वापरावा. सोनामुखीची सवय असलेल्याचे चूर्ण एकदम न थांबविता चतुर्थांशाने कमी करीत जावे आणि त्याच वेळी आहारातील स्नेह, पालेभाजी व शौचाची ठराविक वेळ सांभाळावी.

औषधालय चालकांनी तीन प्रश्न नित्य विचारावेत : हे किती दिवसांपासून घेता? दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? गर्भावस्था, यकृताचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे काय? उत्तर शंकास्पद वाटल्यास ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. एक पाकीट त्या दिवशी कमी खपेल, पण ग्राहक टिकेल.

आणि अपाय झाल्याचे आढळल्यास तो लपवू नये. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा असून नवी दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान तिचे समन्वय केंद्र आहे. तेथे आपल्या हातून गेलेली नोंद वैद्याच्या दृष्टीने परिपूर्ण असेल : प्रकृती, अग्नी, अनुपान, द्रव्याची ओळख, सर्व काही. अशा नोंदी आपण केल्या, तर पुढच्या वादात आपल्याजवळ आक्षेपाबरोबर पुरावाही असेल.

घरगुती उपायांनी आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, याविषयी दुमत नाही. मात्र त्या काळी घरात मात्रा जाणणारी आजी होती. प्रत्येक नातवंडाचा कोठा तिला ठाऊक होता. आज बहुतेक घरांत ते ज्ञान उरलेले नाही. ती जागा वैद्याने आणि औषधविक्रेत्याने घेतली नाही, तर ती जाहिरात घेईल. याचा आपल्या संघटनेने येत्या बैठकीत गांभीर्याने विचार करावा, ही नम्र विनंती.