बांधावरून : जुंपण्याआधी जोड पाहा



टेंडर म्हटले की आपल्याला ग्रामपंचायतीची निविदा आठवते. आजचा टेंडर वेगळा आहे. कोळशाच्या आगगाडीत इंजिनाच्या पाठीमागे कोळसा आणि पाणी वाहणारी जी गाडी जोडलेली असते, तिला टेंडर म्हणतात. इंजिनाची ती शिदोरीच. आणि हा टेंडरही खऱ्या आगगाडीचा नव्हे, खेळण्यातल्या गाडीचा आहे.

गेल्या वर्षी रजा काढून भाचीकडे अमेरिकेत न्यू जर्सीला गेलो होतो. तिच्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक आजोबा राहतात. त्यांच्या वडिलांनी थोरल्या मुलासाठी घेतलेली पत्र्याची आगगाडी माळ्यावरून काढून त्यांनी टेबलावर मांडली होती. नातू सुट्टीत येणार होता. त्याच्यासमोर ती चालवायची होती.

गाडी लायोनेल कंपनीची. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली आणि पुढे बरीच वर्षे तिचा कारखाना न्यू जर्सीतच होता. डबे कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचे, आपल्या रॉकेलच्या डब्याच्या जातीचे. पत्र्याच्या जिभा खाचेत घालून वळवल्या की डबा तयार. रूळ तीन, बाहेरच्या दोन रुळांत सुमारे ३२ मिलिमीटर अंतर आणि मधल्या रुळातून वीज.

टेबलावर काळे इंजिन, तीन लाल डबे आणि दोन टेंडर होते. एक टेंडर काळा, दुसरा बंदुकीच्या नळीसारखा राखाडी. आजोबांनी काळ्याला काळा लावला. पण त्याचा मागचा आकडा डब्यांच्या आकड्यात काही बसेना. तेव्हा तो कापून घ्यायचा म्हणून ते कानस घेऊन बसले होते.

ती कानस पाहून माझ्या पोटात गोळा आला. पंचवीस वर्षांपूर्वी वडिलांच्या लोखंडी नांगराला नवी साखळी बसेना, म्हणून मी पुढची कडी कापून दुसरी वेल्ड करून आणली होती. जोडणीची उंची बदलली. नांगर कधी खोल जाई, कधी नुसता वर तरंगे. मी कृषी पदवीधर. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. पण तो नांगर त्यांनी पुन्हा जुंपला नाही. तो अजून गोठ्यामागे पडून आहे.

मी भाचीला म्हणालो, "आजोबांना सांग, आज कापू नका. आधी नीट पाहू."

"मामा, तुम्हाला यातलं काय कळतं?" ती हसली. पण तिने सांगितले, आणि आम्ही तिघे संध्याकाळभर पाहत बसलो. आजोबांकडे कंपनीची जुनी सूचीपत्रे होती, त्यांचा मोठा उपयोग झाला.

पहिली पाहणी आकड्याची. महायुद्धामुळे १९४२ साली लायोनेलने गाड्या करणे थांबवले. १९४५ च्या अखेरीस पुन्हा सुरुवात केली, ती मुठीसारख्या मिटणाऱ्या नव्या आकड्यांनिशी. युद्धापूर्वीच्या पेटीसारख्या आकड्यात तो नवा आकडा अडकत नाही. काळ्या टेंडरचा आकडा नवा होता, डब्यांचे जुने. म्हणजे काळा टेंडर मागाहून घरात आला. राखाडीचा आकडा मात्र डब्यांसारखाच, जुना, आणि उंचीलाही बरोबर.

दुसरी पाहणी पोटातल्या यंत्राची. राखाडी टेंडरच्या क्रमांकापुढे डब्ल्यू हे अक्षर होते. १९३५ पासून या कंपनीने टेंडरात विजेची शिट्टी बसवायला सुरुवात केली, तिची ती खूण. असा टेंडर जड असतो आणि शिट्टीला वीजही वेगळी लागते. म्हणून इंजिन आणि ट्रान्सफॉर्मर त्या ताकदीचे हवेत. लहान ट्रॅक्टरला मोठा नांगर लावण्यासारखेच ते.

तिसरी पाहणी चाकांची. त्या काळच्या काही ओतीव चाकांच्या जस्तात शिशाची भेसळ राही. असे चाक वर्षांनी फुगते, तडकते आणि हाताने चुरले जाते. सुदैवाने ही चाके शाबूत होती.

रंग सर्वांत शेवटी. त्या वर्षांत इंजिने काळी येत, तशी राखाडीही येत. राखाडी टेंडर बहुधा राखाडी इंजिनाचा. शिवाय मोठ्या दुकानांसाठी कंपनी सूचीपत्रात नसलेले संचही बांधून देई. तेव्हा नुसत्या रंगावरून निकाल देता येईना.

शेवटी मी विचारले, "लहानपणी ही गाडी शिट्टी द्यायची का?"

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रात्री दिवा घालवण्याआधी बाबा एकदा शिट्टी वाजवायचे. मग आम्ही झोपायचो."

म्हणजे काळा टेंडर येण्याआधी घरात शिट्टीचा टेंडर होता. राखाडी तोच असेल, असे सगळ्यांनाच वाटले.

रंगाने जोड विजोड दिसते म्हणून राखाडीला काळे फासायचे का, असे भाचीने विचारले. आजोबांनीच नको म्हटले. रंग दिला की जुनी खूण पुसते, आणि पुढे कोणी विकत घेईल त्याची फसवणूक होते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते. घरचे बियाणे कितीही चांगले निघाले तरी ती चिठ्ठी त्याला लावता येत नाही. तसेच हे. आजोबांनी एका कागदावर लिहिले : "इंजिन आणि डबे वडिलांचे. राखाडी टेंडर घरचाच असावा, खात्री नाही. काळा टेंडर युद्धानंतरचा." तो कागद पेटीत ठेवला. काळा टेंडरही न कापता कापडात गुंडाळून पेटीतच गेला.

नातू आला त्या दिवशी नव्या, सुरक्षित ट्रान्सफॉर्मरवर गाडी चालवली. शिट्टी घोगरी, अर्धवट वाजली. आजोबांनी नातवाला ती तीनदा वाजवायला लावली.

बंधूंनो, घरच्या जुन्या अवजाराला कानस लावण्याआधी आकडा पाहा, ताकद पाहा, चाक पाहा. आणि घरातल्या जाणत्या माणसाला एकदा विचारा. मी त्या वेळी वडिलांना विचारले नव्हते.