माऊली म्हणायचं, नेता म्हणायचं नाही?

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेले सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यांच्या आई विजयाबाईंनी सरकारचे १० लाख नाकारले आणि कोर्टाची पायरी चढल्या. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्धचे सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले.

आपण त्यांना काय म्हणतो? 'दुःखी माऊली'. हेच एखाद्या पुरुषाने केलं असतं तर 'लढवय्या नेता' म्हणून चौकाचौकात बॅनर लागले असते.

भाऊ आवाज चढवून बोलला की करारी, ताई बोलली की भांडखोर. तो गप्प बसला की मुत्सद्दी, ती गप्प बसली की 'तिला काय कळतं'. स्वभाव तोच, नाव मात्र बाई की पुरुष ते पाहून! जन्मावरून गुण ठरवणं ही मनुस्मृतीची रीत. ती आपण जाळली ना?

काही जण म्हणतात, आधी जातीचा प्रश्न, मग बायकांचा. मग विजयाबाई कशाविरुद्ध लढत आहेत?

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं.

तरुणांनो, आपल्या जयंती मंडळाची कार्यकारिणी काढून बघा. अध्यक्ष, कोषाध्यक्ष, वक्ते यांत ताई किती? की खीर वाटायलाच सगळ्या?

जय भीम! जय संविधान!