पेटीची वाटणी

गेल्या महिन्यात टेंभुर्णीतील एका परिचित घरी वाटणीची यादी करून देण्यास बसलो होतो. दुकान, शेत, सोने यांचा मेळ जमला. माळ्यावरून उतरवलेल्या लाकडी पेटीपाशी मात्र सारे थबकले. आत पणजोबांच्या काळातील काचेच्या निगेटिव्ह होत्या. तिघा भावांनी सारख्या वाटून घ्याव्यात, असे ठरू लागले. धाकट्याने तर एक काच ओल्या फडक्याने पुसायलाच घेतली. मी त्याचा हात धरला. चित्र असते ते काचेवरच्या जिलेटिनच्या पातळ थरात; ओल लागली की थर फुगून सुटतो आणि हाती नुसती काच राहते.

मग राजा दीनदयाळ यांचे उदाहरण दिले. सरधना येथील जैन कुटुंबात १८४४ साली जन्मलेले हे गृहस्थ निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यांच्या वंशजांकडील २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे एकत्रित गेल्या, म्हणून आज अभ्यासकांना त्या एका जागी पाहता येतात.

बँकेत असताना अशी पेटी मी तारण म्हणून स्वीकारली नसती, हेही कबूल करतो.

अखेर पेटी अखंड थोरल्याकडे राहिली. प्रत्येक काच कडेने धरून, कोऱ्या कागदात गुंडाळून, उभी ठेवायची. स्कॅन केलेल्या प्रती तिघांना. चेहरे ओळखणाऱ्या आता एकट्या काकी, वय ऐंशीपुढे. वही घेऊन थोरली सून त्याच संध्याकाळी त्यांच्यापाशी बसली.