स्तनांची तपासणी झाली, फुप्फुसांचे काय?



ऑक्टोबर आला की सातारा, कराड, सांगली, मिरज या भागात स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीची शिबिरे लागतात. गुलाबी फलक, पाहुण्यांची भाषणे, बायकांची रांग. भाषणे सोडली तर त्यात नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही. गाठीबद्दल जावेशीही न बोलणारी बाई आज मॅमोग्राफीला नाव नोंदवते, ही साधी गोष्ट नव्हे. लवकर तपासणीचा उपयोग होतो, याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते.

पण रांगेतल्या बाईची तपासणी स्तनांपाशीच का थांबते? त्याच बरगड्यांच्या आत तिची फुप्फुसे आहेत. त्यांची चौकशी कोण करणार?

अमेरिकेत सध्या एक विचार पुढे येतो आहे. मॅमोग्राफीला बायका नियमाने येतात, फुप्फुसांच्या तपासणीला मात्र येत नाहीत. मग मॅमोग्राफीच्याच दिवशी त्यांना सिगारेटबद्दल विचारावे आणि गरज असेल तिला कमी किरणांच्या सीटी स्कॅनला पाठवावे. २०११ मध्ये तिथल्या ५३ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात अशा स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

हा विचार चांगला आहे, पण जसाच्या तसा आपल्याकडे उचलून चालणार नाही. तिथे स्कॅनसाठी अट आहे वय ५० ते ८० आणि रोज एक पाकीट याप्रमाणे निदान वीस वर्षे सिगारेट. विडी ओढणाऱ्या काही म्हाताऱ्या सोडल्या, तर आपल्या गावातल्या किती जणी त्यात बसतील? शिवाय त्या अभ्यासात स्कॅनमध्ये काहीतरी दिसलेल्या १०० जणांपैकी ९६ जणांना कर्करोग नव्हताच. आपल्याकडे तर जुन्या क्षयाचे व्रण घेऊन कितीतरी बायका वावरतात. सरसकट स्कॅन केले तर नुसती भीती, सुया आणि कर्ज पदरात पडेल. शिबिरात स्कॅनचे 'पॅकेज' घेऊन कोणी आले, तर त्याला खुशाल परत पाठवा.

आपल्या बाईचा धूर चुलीतून येतो. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांचा घरातला धूर फुप्फुसाच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१० मध्येच नोंदवले आहे. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघर गेला, पण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, ही वाटणी आपण रोज पाहतो. गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर राबणाऱ्यांचा धूर आणखी वेगळा. त्यात मिश्री. तिचा मार मुख्यतः तोंडावर, पण तव्यावर ती भाजताना उठणारा खाट कोणाच्या छातीत जातो? आणि "तंबाखू खाता का?" असे विचारले तर बाई नाहीच म्हणणार. "दात कशानं घासता?" असे विचारून पाहा.

गंमत अशी की हे प्रश्न सरकारी कागदावर आहेत! तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखू आहे, स्वयंपाकाचे इंधन आहे, धुराधुळीचे काम आहे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि थुंकीतून रक्तही आहे. आशाताई मरमर करून फॉर्म भरतात. पण कर्करोगाची म्हणून तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची. चुलीबद्दलचे उत्तर कागदावरच राहते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी एकीचीही स्तनांची तपासणी झालेली नव्हती. म्हणजे जी येते ती किती अडथळे ओलांडून येते! रोजगार बुडवून, सासूची परवानगी काढून, एसटीची वाट पाहून. ती पुन्हा येईल याची खात्री नाही. म्हणून त्याच दिवशी तिचे तोंड पाहावे आणि खोकल्याची चौकशी करावी. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासावा, छातीचा एक्स-रे काढावा.

इथे एक धोका आहे. वानलेसवाडीच्या सॅनिटोरियमची आठवण असलेल्या आपल्या भागात छातीचे दुखणे म्हणजे क्षय, हे समीकरण पक्के आहे. बेडक्यात जंतू सापडले नाहीत तरी गोळ्या सुरू होतात. बाई महिनोन् महिने त्या घेत राहते आणि आत कर्करोग वाढत असतो. गोळ्या घेऊनही खोकला हटत नसेल, वजन उतरत असेल, तर पुढच्या तपासणीचा आग्रह धरलाच पाहिजे. स्कॅनची खरी गरज अशा बाईला आहे. कर्करोगाच्या उपचारांना महात्मा फुले योजनेचा आधार मिळतो, पण निदानापर्यंतचा खर्च बहुधा तिच्याच घरातून जातो, आणि नेमका तिथेच घरचा हात आखडतो.

विचारणा मात्र आडोशाला व्हावी. क्षयाचा नुसता संशय आला म्हणून माहेरी धाडलेल्या बायका परित्यक्तांच्या कामात आपण पाहिल्या आहेत. सासू आणि नवरा शेजारी उभे असताना कोणती बाई खोकला कबूल करील?

येत्या शिबिराआधी संघटनांनी डॉक्टरांशी एवढे ठरवून घ्यावे की एक्स-रे कुठे निघेल, कोण काढेल, आणि मिरजेला किंवा कराडला जायची वेळ आली तर सोबत कोण जाईल. नोंदवहीत तीन रकाने वाढवा: चुलीपुढे किती वर्षे, खोकला किती दिवस, आणि पुढे पाठवलेली बाई तिथे पोचली का. तिसरा रकाना महिन्याभराने, तिच्या घरी जाऊनच भरावा लागेल.