पाणी शुद्ध आहे की नाही, हे कोण ठरवणार?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि महाडच्या सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' केले. शुद्ध काय, अशुद्ध काय, हे तेव्हा जातीने ठरवले. आज ते प्रयोगशाळेने ठरवावे, हीच आमची मागणी आहे. आणि तिची सुरुवात आपल्याच वस्तीतल्या विहिरी-बोअरपासून व्हावी.

"आजोबांपासून हेच पाणी पितोय, काचेसारखं आहे," असे उत्तर नेहमी मिळते. पण फ्लोराइड आणि नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की दात डागाळतात, हाडे वाकतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे तान्ह्या बाळाला धोका. पाणी उकळून जंतू मरतात, ही दोन्ही जात नाहीत.

सार्वजनिक योजनेचे पाणी तपासणे सरकारचे काम. खासगी विहीर मात्र मालकाची मानली जाते. १८८२ चा सुविधाधिकार कायदाच जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हाती देतो. पण उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की अख्खी वस्ती त्याच बोअरवर हंडे लावते. पिणारे सगळे आणि तपासणारा कोणीच नाही, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून तपासणी सामूहिक हवी. एका घराचा अहवाल कपाटात पडून राहतो. सगळ्या विहिरींचे आकडे एका कागदावर आले की तो ग्रामसभेत पुरावा होतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते आपल्या गावात झाले का, हे विचारा. किटवर दोष दिसला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करा. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, रासायनिक एकदा.

विहीर खराब निघाली तर त्या घराकडे बोट दाखवायचे नाही. बोट प्रशासनाकडे, आणि मागणी पर्यायी पाण्याची. स्वच्छ पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे.

येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि ते पैसे पाण्याच्या नमुन्यांवर खर्च करा. महाडच्या वारसदारांना हे जड नाही.

जय भीम!